शांत आवाजाचे सहा शनिवार

“बाजूला व्हा!”

आधी हा आवाज माझ्या कानावर आदळला आणि पाठोपाठ फुटबॉल माझ्या पिशवीवर. पिशवीतल्या हातबाहुल्या, रंगीत कार्डं, खडू… सगळं मैदानभर पसरलं. मी वाकून गोळा करत होते, तेवढ्यात एक सहा फुटी माणूस धावत आला आणि म्हणाला, “लागलं का?” इतक्या मोठ्याने, की शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खिडक्या उघडल्या.

“बॉल नाही लागला,” मी म्हणाले. “आवाज लागला.”

तो लाजला. एवढा थोरला माणूस कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. त्या मैदानाच्या अर्ध्या भागात आता इमारत उभी आहे, पण तिथून जाताना माझी पावलं अजूनही उगाच हळू होतात.

न ओरडता, न मारता मुलांना वळण कसं लावायचं, हे मी तेव्हा पालकांना आणि शिक्षकांना शिकवत असे. सहा शनिवार, दुपारचे दोन तास, पहिलीच्या वर्गात. बाक एवढेएवढेसे. त्यावर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि आपोआप निम्मी नरम व्हायची. मी सव्वीस वर्षांची होते, बिनलग्नाची. त्यामुळे पहिल्या दिवशी एक प्रश्न ठरलेला. इथे तो पहिल्या बाकावरच्या आजींनी विचारला. नातीला त्या एकट्याच सांभाळत.

“बाई, तुम्हाला मुलं किती?”

“एकही नाही.”

“तरीच इतक्या शांत आहात!”

वर्ग हसला, मीही हसले. तेवढ्यात मागच्या दाराने तो आत आला. तो तिथला खेळाचा सर होता. मुख्याध्यापिकांनी त्याला मुद्दाम धाडलं होतं, कारण त्याने ‘शाब्बास’ म्हटलं तरी पहिलीतली मुलं रडायला लागत.

खरं सांगायचं तर माझी शांतता उपजत नव्हती. आमच्या घरी वडिलांचा आवाज चढला की आई स्वयंपाकघरात गडप व्हायची आणि मी कपाटाच्या आड. सोळाव्या वर्षी मी एकदा त्यांच्यावर उलट ओरडले… आणि माझ्या तोंडून हुबेहूब त्यांचाच आवाज निघाला. माझी मलाच भीती वाटली. त्यानंतर मी आवाज चढवला नाही, आणि कुणाकडे हट्टाने काही मागितलंही नाही. दोन्ही एकच, असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या शनिवारी आम्ही नाटुकलं केलं. मी आई, तो मैदान सोडायला तयार नसलेलं मूल.

“तुला अजून खेळायचंय,” मी धड्याप्रमाणे सुरुवात केली. आधी मुलाच्या मनातलं बोलून दाखवायचं, हा आमचा पहिला नियम. “आणि घरी जायचं जिवावर आलंय. हो ना?”

“हो,” मूल फुरंगटून म्हणालं.

“पण आता निघायचंय. धावत येतोस की उड्या मारत?”

मुलाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, दोन्ही हात वर केले आणि म्हणालं, “उचलून घे.”

वर्गात हशा पिकला. आजींनी तर डोळ्यांना पदर लावला. मी फळ्याकडे तोंड करून उगाच काहीतरी लिहीत बसले, कारण आता कान माझे तापले होते.

तिसऱ्या शनिवारी सुटताना पावसाची भुरभुर होती. बसथांब्यावर तो माझ्यापासून चार हात लांब, भिजत उभा.

“तुम्हाला छत्रीत यायचंय,” मी म्हणाले, “पण विचारायला संकोच वाटतोय.”

“यायचंय,” तो म्हणाला. “संकोच अजिबात नाही. फक्त मावणार नाही.”

तरी तो आला. त्याचा डावा खांदा भिजला, माझा उजवा. छत्रीवर पाऊस टपटपत होता आणि त्याच्या बाहीला ओल्या मातीचा वास होता.

“तुमची बस आली की वाईट वाटणार,” तो हळूच म्हणाला. हळू बोलायचा त्याचा सराव तेव्हा जोरात चालू होता.

“कुणाला?”

“ड्रायव्हरला… तुम्ही चढणारच नाही ना!”

किती हा आगाऊपणा! मी दोन बसगाड्या सोडल्या. ती बस आता त्या रस्त्याने जातसुद्धा नाही.

चौथ्या शनिवारी तो उड्या मारतच आला. पहिलीतल्या सगळ्यात रडव्या मुलीने स्वतःहून त्याच्यापुढे पाय करून बुटाची नाडी बांधून घेतली होती. ते सांगताना त्याचा आवाज पुन्हा वरच्या मजल्यापर्यंत गेला. मी त्याला दटावलं नाही, नुसती बघत राहिले. त्या दिवशी मला कळलं, की मी या माणसाच्या प्रेमात पडले आहे.

आणि पाचव्या शनिवारी तो म्हणाला, “दुसऱ्या शहरातल्या निवासी क्रीडाशाळेने बोलावलंय. पुढच्या रविवारी निघायचं. अजून नक्की कळवलेलं नाही.”

माझ्या तोंडातून धडाच बाहेर आला. “हा निर्णय सोपा नसणार.”

“नाहीये.”

“तुमची ओढाताण होत असेल.”

“होतेय.” तो माझ्याकडे वळला. “तुम्हाला काय वाटतं?”

“तुम्हाला काय वाटतं, ते महत्त्वाचं.”

“मॅडम… मी पहिलीत नाही हो,” तो म्हणाला. अगदी हळू, मी शिकवलं होतं तस्सं. सोमवारी त्याने क्रीडाशाळेला ‘येतो’ असं कळवून टाकलं.

सहावा शनिवार. धडा शेवटचा. मुलाचं मन ओळखून झालं, की मोठ्यांनी आपलं मनही सांगायचं. मला काय वाटतं, का वाटतं, मला काय हवंय. फळ्यावर तीन ओळी लिहिल्या आणि मी नेहमीचं, गादीवर टाकलेल्या ओल्या टॉवेलचं उदाहरण सुरू केलं.

“ते टॉवेलचं राहू द्या हो,” आजी म्हणाल्या. “आम्ही सहा आठवडे घरची धुणी इथे धुतली. तुमचं एक फडकंही नाही! तुमचं स्वतःचं सांगा.”

तो शेवटच्या बाकावर होता, बाकात न मावणारे पाय बाहेर काढून, खिडकीबाहेर बघत.

“मला…” मी खडू खाली ठेवला. “मला राग आलाय. माझाच. कारण… उद्या एक माणूस चाललाय. आणि मी त्याला छान समजून घेतलं! त्याची ओढाताण समजली, अडचण समजली, सगळं समजलं… आणि माझ्या मनात काय आहे ते सांगितलंच नाही!”

आवाज चढला होता. वडिलांचाच आवाज, तोच. पण समोर कुणीही घाबरलं नव्हतं. आजी तर आणखी पुढे सरकून बसल्या होत्या.

“आणि तिसरी ओळ?” त्यांनी विचारलं. “काय हवंय?”

“तू!” मी शेवटच्या बाकाकडे बघून ओरडले. “तू हवा आहेस मला. थांब ना!”

तो उठला. बाकाला धडकला, सावरला, आणि दाराबाहेर निघून गेला.

मी फळा पुसला, सगळ्यांचे आभार मानले. आजी जाताना माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, “तिन्ही ओळी बरोबर होत्या, बाई.” मग मला रडू आवरेना.

बाहेर आले, तर तो पाण्याच्या नळांपाशी उभा होता. तोंड ओलं, डोळे लाल.

“एवढ्या लोकांत बोलता आलं नसतं मला,” तो म्हणाला. “आठव्या वर्षापासून मी वसतिगृहात. सुट्टी संपायच्या आधीच घरचे माझी बॅग भरून दारात ठेवायचे. पुढे नोकऱ्या बदलल्या, गावं बदलली. निघताना सगळ्यांनी हात हलवले, शुभेच्छा दिल्या. पण थांब, असं…” तो अडखळला. “असं कुणी म्हणालंच नाही कधी. आता काय करतात, तेच मला माहीत नाही.”

“काही करत नाहीत,” मी म्हणाले. “नुसतं थांबतात.”

“मग पुन्हा म्हण.”

मी म्हणाले. त्याने मान हलवली आणि पुन्हा म्हणायला लावलं, मग आणखी एकदा. शिपाईकाका वर्गांना कुलपं लावत शेवटच्या दारापर्यंत पोचले, तरी त्याचं समाधान होत नव्हतं. दुसऱ्या दिवशीची गाडी त्याच्याशिवाय गेली.