चौथ्या दिवशी मासे मरायचे

गोष्ट साधीच सुरू होते, आणि मला विचाराल तर ती साधीच राहायला हवी होती. निरंजन पुण्याहून मासे घेऊन कासार आंबोलीला, आपल्या भाड्याच्या घरी निघाला होता. पाण्याने फुगलेल्या तीन पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात, खोकं स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये, आणि पिरंगुटच्या गर्दीत दर खड्ड्याला हा पठ्ठ्या खोक्याला ‘सॉरी’ म्हणत होता. हसू नका. समुद्राचे मासे होते ते, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. आणि ते त्याच्या लेकीसाठी होते.

लेक म्हणजे सृष्टी, सहा वर्षांची. वर्षभरापूर्वी तिची आई, साधना, तापाचं निमित्त होऊन आठ दिवसांत गेली. पोर रोज दुपारी दीड वाजता आईच्याच हातून जेवायची. दुसऱ्या कुणी घास पुढे केला की ओठ घट्ट मिटायची. निरंजनची नोकरी हिंजवडीत, यायला कधी आठ, कधी दहा. शेवटी सृष्टीचा मामा एकनाथ तिला कराडला घेऊन गेला. तेव्हापासून घर निरंजनला खायला उठायचं. आता काहीही करून त्याला पोर परत हवी होती. फोनवर ती एवढंच म्हणाली, “मासे असतील तर येईन.” झालं, बाप कामाला लागला.

समुद्राच्या माशांचं एक असतं. नवे आणले की मोठ्या टाकीत थेट सोडायचे नाहीत. आधी तीन आठवडे वेगळ्या, रिकाम्या टाकीत ठेवायचे आणि काही रोग नाही ना ते बघायचं. घरमालकीण सगुणाबाईंना हे समजवावं लागलं नाही.

“आमी बी नवी शेळी आणली की लगीच बाकीच्यांत न्हाई सोडत,” त्या म्हणाल्या. “मागची खोली रिकामीच हाय, तितं ठिवा.”

पहिल्या तीन माशांनी खाण्याला तोंड लावलं नाही. नवे आहेत, बुजले असतील, असं तो म्हणाला. चौथ्या दिवशी दुपारनंतर बघतो तर तिघेही तळाशी आडवे. अंगावर डाग नाही, पर फाटलेले नाहीत. त्याने पाणी तपासलं. खारटपणा बरोबर, ऊब बरोबर, विषारी काही नाही. मग त्याने टाकी बदलली, पंप बदलला, मिठाची पिशवीसुद्धा नवी आणली. पुन्हा तीन मासे आणले, आणि चौथ्या दिवशी तेही गेले.

आता बघा, दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारा माणूस हा. त्याला स्वतःच्या तीन फुटी टाकीतली चूक सापडेना. कुणी आत जाऊन काही टाकत असेल का? पण कोण, आणि कशाला? त्याने खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात ठेवली, आत कॅमेरा बसवला आणि तिसऱ्यांदा मासे आणले.

चौथ्या दिवशी तो ऑफिसात डबा उघडून फोनवर टाकी बघत बसला होता. दीड वाजला. इतका वेळ कोपऱ्यात दडलेले मासे एकदम वर आले. तिघेही एकाच बाजूला. पाळलेले मासे रोज खायला घालणारा हात ओळखतात, तो दिसला की असेच वर येतात. पण हे नवे, यांनी अजून कुणाचाच हात ओळखलेला नव्हता! त्यांची तोंडं उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. वर कुणीच नव्हतं... टाकीमागची भिंत तेवढी दिसत होती. मग एकेक करून ते खाली गेले. निरंजनने डब्याचं झाकण लावलं आणि न जेवताच उठला.

मेलेले मासे बर्फात घालून तो पुण्यातल्या दुकानदाराकडे, दयानंदकडे गेला. दयानंदने एकाचं पोट चिरलं आणि बराच वेळ वाकून बघत राहिला.

“साहेब... माशांना भात घालता काय?”

“भात? छे! चार दिवसांत कशाला शिवले नाहीत ते.”

“मग हे काय?”

पोटात शितं होती. मऊ शिजलेला भात, आणि त्यात काळे तीळ. दयानंदने सुरी बाजूला ठेवली. हात दोनदा धुतले. तसल्या भाताचे पिंड करतात, हे त्याला काय आणि निरंजनला काय, सांगायची गरज नव्हती.

सगुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“धाव्याला कावळा शिवला व्हता का?” त्यांनी हळूच विचारलं.

शिवला नव्हता. पौडला नदीकाठी पिंड मांडून सगळे दोन तास उभे होते. पोरीला शिकवीन, तिला काही कमी पडू देणार नाही, तिच्यावर कधी हात उगारणार नाही, असं सुचेल ते निरंजन बोलला होता. कावळा समोरच्या भिंतीवर बसला होता, पण खाली येईना. मग ऑफिसचे फोन सुरू झाले, आणि हाच गुरुजींना म्हणाला, “दर्भाचा कावळा करा, उरकून टाकू.” गवताच्या कावळ्याने पिंडाला शिवून घेतलं आणि पिंड पाण्यात सोडले. लोक करतात तसं, त्यात गैर काही नाही. पण त्या दिवशी त्याला घाई होती, हे त्याचं त्याला माहीत होतं.

“समदं बोलला तुमी,” सगुणाबाई म्हणाल्या. “पर पोरीला घास कोन भरवनार, ते बोलला का?”

असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. तरी तो मागच्या खोलीत गेला, रिकाम्या टाकीपुढे वेड्यासारखा उभा राहिला आणि म्हणाला, “साधना, सृष्टीला मी भरवीन. रोज दुपारी, माझ्या हाताने. तू काळजी नको करू.” बोलता बोलता त्याला रडू फुटलं. वर्षभरात पहिल्यांदाच.

चौथ्या खेपेचे मासे दुसऱ्याच दिवशी त्याने घातलेलं खाऊ लागले. चौथा दिवस गेला, दहावा गेला. तीन आठवडे धडधाकट राहिले. का वाचले? आधीचे का मेले? त्याला एकाचंही उत्तर मिळालं नव्हतं, पण आनंदात कोण विचारत बसतो! रविवारी ते बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या टाकीत सोडायचे असं ठरवून तो गुरुवारी कराडला जाऊन रात्री लेकीला घेऊन आला.

ऑफिसातून त्याने घरूनच काम करायची परवानगी काढली होती. शुक्रवार, शनिवार, रविवार. दीड वाजला की तो वरणभात कालवून बसायचा. पहिल्या दिवशी तिने तीन घास खाल्ले, दुसऱ्या दिवशी सात. रविवारी ताट पुसून स्वच्छ, आणि मग दोघांनी मिळून मासे मोठ्या टाकीत सोडले. मागच्या खोलीला त्याने पुन्हा कुलूप लावलं.

सोमवार, चौथा दिवस. ऑफिसातून बोलावणं आलं. आलंच पाहिजे म्हणाले.

“दीड वाजता तेवढं भरवा तिला,” तो सगुणाबाईंना म्हणाला.

“अवो, तुमी बोललाय न्हवं...”

“एकच दिवस हो!”

दीड वाजता तो मीटिंगमध्ये होता. कशाने कोण जाणे, त्याने टेबलाखाली फोनवर कॅमेरा उघडला. मागच्या खोलीत रिकाम्या टाकीसमोर जमिनीवर मांडी घालून सृष्टी बसली होती. त्याने खिसा चाचपला. किल्ली खिशातच होती.

बाहेर धावत येऊन त्याने फोन लावला. सगुणाबाई धापा टाकत होत्या.

“मी ताट वाढस्तवर पोर गायब झाली बगा! आवाज मागच्या खोलीतनं येतोय... पर कुलूप तर तसंच हाय.”

“तोडा ते! आणि तिला बोलतं ठेवा.”

दारावर दगडाचे घाव पडू लागले. मधेच त्यांनी हाक मारून काहीतरी विचारलं, आणि घाव थांबले.

“काय म्हणाली? बाई, काय म्हणाली ती?”

“म्हनतीय, प्वाट भरलंय माजं...” सगुणाबाई म्हणाल्या. “पर आई म्हनती, आता येकच घास ऱ्हायलाय.”

पडद्यावर सृष्टीने मान वर केली आणि तोंड उघडलं.