घासलेल्या आकड्याखाली

तो माझ्या प्रयोगशाळेत आला, तो चुकूनच. त्याला जायचं होतं शेजारच्या वजनकाट्यावर. पण माझ्या टेबलावरचा लोखंडाचा तुकडा पाहून तो दारातच थबकला.

"यावरचा नंबर तर घासून टाकलाय. मग तुम्ही वाचता कसा?"

"आकडा ठोकला की खालचं लोखंडही दबतं," मी म्हटलं. "वरचं घासलं तरी तो दाब आत राहतो. आम्ल लावलं की थोडा वेळ दिसतो."

"आणि माणसांच्या मनातलं…?"

"माणसांवर मी आम्ल टाकत नाही."

तो इतकं मोकळं हसला, की मी हातातली स्वच्छ बाटली पुन्हा पुसत बसले.

तो जुन्या गाड्या दुरुस्त करायचा. त्याचे वडील तरुणपणी एका घरी ड्रायव्हर होते. चाळीस वर्षांपूर्वी मालकांनी गाडी परदेशी विकली, तेव्हा वडिलांनीच ती बोटीपर्यंत नेली — आणि पायी घरी आले. ती गाडी हा अकरा वर्षं शोधत होता. बंदराची जुनी दप्तरं, अनोळखी माणसांना पत्रं, परक्या गावांतली कोंबड्यांनी भरलेली गोदामं… एका प्रयोगाला दोन तास लागले तर कंटाळणारी माणसं मी पाहिली आहेत. अकरा वर्षं!

आता एक गाडी परत आली होती. सांगाड्यावरचा नंबर हवा तोच, चारशे सतरा. पण आकडे त्याला फारच नवे वाटत होते.

"शनिवारी संध्याकाळपर्यंत विकणाऱ्याला हो की नाही सांगायचंय. बघायला याल?"

शनिवारी गेले. गोदामात त्याचे वडील आधीच स्टिअरिंगमागे बसून काहीतरी गुणगुणत होते. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं, पण हात चाकावर अगदी सवयीने टेकले होते.

मी फोटो काढले, सांगाड्यावरची नंबरची जागा घासून आरशासारखी केली आणि आम्लाचा बोळा फिरवला. तो शेजारी गुडघ्यांवर, श्वास रोखून. चार उमटला. एक उमटला. मग सात होता तिथे हळूहळू एक वळण आलं… दोन.

'अस्पष्ट' असं लिहिता आलं असतं. वर गुणगुणणं चालूच होतं.

"सांगा," तो हळूच म्हणाला. "असेल ते सांगा."

"चारशे बारा. ही तुमची नाही."

गुणगुणणं थांबलं.

"मला ठाऊक होतं," स्टिअरिंगमागून काका म्हणाले. "आपल्या गाडीचा क्लच असा नव्हता. पाय ठेवताच कळलं."

"बाबा! मग बोलला का नाहीत?"

"तू दमलायस रे. म्हटलं, हिलाच आपली म्हणू."

तो चाकाला टेकून खाली बसला. मग खिशातून पेन काढून त्याने तळहातावर नंबर लिहून घेतला.

"चारशे बारा… हिलाही कुणीतरी शोधत असेल. त्यांना कळवायला हवं."

मी त्या तळहाताकडे पाहतच राहिले.

"झालं! आता हा पुन्हा निघणार," काका म्हणाले. "सोबतीला नंबर वाचणारं कुणी असतं, तर जिवाला घोर नसता."

"बाबा…!" त्याचे कान लाल झाले.

"विमानात आम्ल नेऊ देत नाहीत, काका," मी म्हटलं.

"हो… तेही खरंच," तो पुटपुटला. चेहरा पार उतरला.

"पण तिकडेही मिळतं. मी चौकशी केलीय."

"कधी?"

"तुम्ही चुकून आलात ना — त्याच संध्याकाळी."

तो काही बोलणार, इतक्यात काकांनी जोरात हॉर्न वाजवला. गाडी दुसऱ्याची होती, पण वाजवला अगदी मनापासून.