फेस न येणारं औषध

सलूनवाल्याच्या पोटरीवरची जखम शर्टाच्या बटणाएवढी होती, पण चांगलीच खोल.

"तीन आठवडे झाले साहेब, भरायचं नाव नाही," तो म्हणाला. "दिवसभर उभं राहायचा धंदा. शिरा फुगल्या म्हणून इंजेक्शन घेतलं, आता उभंच राहवत नाही. आगीतून फुफाट्यात."

औषध निरीक्षक सकाळपासून वैतागला होता. शिरांच्या या क्लिनिकमध्ये जो तो एकीकडेच बोट दाखवत होता: सिस्टरकडे. तिने जास्त तीव्रतेचं औषध भरलं, अशी लेखी तक्रार डॉक्टरीणबाईंनी नर्सिंग कौन्सिलकडे धाडलीसुद्धा होती. आज निरीक्षकाचा अहवाल विरुद्ध गेला, की सिस्टरचं रजिस्ट्रेशन रद्द. बारा वर्षांची नोकरी, आणि घरात कमावणारी ती एकटी.

"सुई टोचल्यावर काय वाटलं?"

"सुईचं काही नाही. औषध आत गेलं आणि आग झाली. वस्तऱ्याने कापलं की आम्ही तुरटी लावतो ना, तशी. पण पायभर."

"आधीच्या दोन खेपांना?"

"छे. डास चावल्याइतकंसुद्धा नाही."

सिस्टर औषधांच्या खोलीत हाताची घडी घालून उभी होती.

"लेबल दोनदा वाचलं," ती म्हणाली. "बाटली सीलबंद होती, सील मीच काढलं. पण माझं ऐकतंय कोण?"

"मी ऐकतोय."

"मग हेही ऐका. महिनाभर फेस येत नाहीये. दोन सिरिंज जोडून औषध आणि हवा इकडून तिकडे ढकलली की फेस होतो, बाई तोच शिरेत सोडतात. तो होईचना. बाईंना सांगितलं, तर म्हणे सिरिंज खराब. तीन कंपन्यांच्या आणल्या. शेवटी म्हणाल्या, जाऊ दे, पातळच भर."

निरीक्षकाने कपाळाला हात लावला. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच.

"माल कोण मागवतं?"

"बाईंचे बाबा. थोरले डॉक्टर. प्रॅक्टिस सोडली, पण स्टोअरची किल्ली सोडवत नाही."

थोरले डॉक्टर स्टोअरमध्येच बसले होते. शेजारच्या फडताळात याच औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि पकडीसारखं काहीतरी लोखंडी पडलं होतं.

"हे काय?"

"बाटलीचं सील दाबायचं यंत्र. आमच्या काळी औषध इथेच बनायचं. आताचे नखरे नव्हते तेव्हा."

निरीक्षकाने पुरवठादाराला फोन लावला. हे औषध दोन महिने कुणालाच मिळत नव्हतं. आणि इथे फळीवर अकरा सीलबंद बाटल्या. त्याने एक उघडली, चार थेंब स्टीलच्या ट्रेवर टाकले आणि ट्रे पंख्याखाली ठेवला. तासाभराने त्याने सगळ्यांना बोलावलं.

"खरं औषध हलवलं की साबणासारखं फेसाळतं." त्याने बाटली जोरात हलवली. वर चार बुडबुडे आले आणि विरले. "ते आत जाताना आगही होत नाही. आणि हे बघा." ट्रेवर पांढरा, खडबडीत थर उरला होता. "माझ्या मते हे मिठाचं घट्ट पाणी आहे. प्रयोगशाळा सांगेलच. पूर्वी शिरा बंद करायला हेच वापरायचे. शिरेत राहिलं तर काम करतं, बाहेर झिरपलं तर कातडी जाळतं."

"म्हणजे सिस्टरने..." डॉक्टरीणबाईंनी सुरुवात केली.

"सिस्टरकडे बाटली सीलबंद आली. घोळ त्याआधीचा. रिकाम्या बाटल्या, स्टोअरची किल्ली, सीलचं यंत्र आणि जुनं पाणी बनवायची हातोटी, हे सगळं एकाच माणसाकडे आहे."

थोरल्या डॉक्टरांनी मान खाली घातली नाही.

"माल नव्हता. पेशंटना तारखा दिलेल्या. पोरीचं क्लिनिक बंद पडू द्यायचं? याच पाण्याने मी शेकडो पाय बरे केलेत."

"मला विचारायचं होतं, बाबा."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं होतं."

"आणि सिस्टरवर बालंट आलं तेव्हा?" निरीक्षकाने विचारलं. त्याचा आवाज चढला होता.

"वाटलं, तिला दुसरीकडे लागेल काम," म्हातारा पुटपुटला.

निरीक्षकाने फळीला सील ठोकलं आणि थोरल्या डॉक्टरांना जबाबाला बसवलं. डॉक्टरीणबाईंनी कागद ओढून तक्रार मागे घेतल्याचं पत्र लिहिलं, सही केली आणि सिस्टरपुढे सरकवलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

सिस्टरने ते उभ्यानेच वाचलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"यात 'नजरचुकीने तक्रार केली' लिहिलंय. ते खोडा बाई. तुमची नजर चुकली नव्हती. मी फेसाचं तीनदा सांगितलं, आणि तुम्ही ऐकलं नाहीत. तसं लिहा."

डॉक्टरीणबाईंनी बापाकडे पाहिलं, मग नवा कागद घेतला.