खाच लहान होती

इंजिनीअरिंग कॉलेजच्या फिटिंग शॉपमध्ये जोडीने काम करायचं होतं. एकाने लोखंडाच्या तुकड्यात खाच करायची, दुसऱ्याने त्यात बसणारा तुकडा. माझा जोडीदार निघाला चिंचवडचा जयदीप. तुकडे काही बसेनात!

"तुझी खाच लहान आहे," तो म्हणाला.

"तुझा तुकडा मोठा असेल!"

"माझा बरोबर आहे. दे इकडे..." माझी खाच घासायला कानस घेताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळली. मी भांडण विसरले. मूर्खच मी.

आमची जमीन चाकणला कंपनीत गेली, तेव्हाच पुढे तिथे नोकरी मिळावी म्हणून माझं मेकॅनिकल ठरलं होतं. माझा जीव मात्र झाडाझुडपांत. एकदा घोरावडेश्वराच्या डोंगरावर मी जयदीपला पिवळी फुलं दाखवली.

"ही सोनकी."

"सोनल, तुझी चुलत बहीण का?" फूल माझ्या केसांत खोचून तो म्हणाला, "लोखंड बघून तोंड वाकडं करतेस, आणि इथे बघ कशी खुललीस! सोड की मेकॅनिकल. बॉटनी घे."

त्याचं ते वाक्य मी वर्षभर उराशी धरलं. दुसरं वर्ष संपल्यावर धीर करून वडिलांना, आप्पांना विचारलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेणार.

आप्पा म्हणाले, "जीव रमंल त्ये शिक, पोरी. दोन वर्सं गेली तर गेली. आभाळ न्हाई कोसळत."

मी धावतच जयदीपला सांगायला गेले. तो चिंचवड स्टेशनबाहेर उभा होता. ऐकून त्याचा चेहराच उतरला.

"सोनल... मी घरी आई-दादांना सांगितलंय. आपल्याबद्दल."

मी त्याच्या जवळ सरकले. "मग?"

"हो म्हणाले. मुलगी मेकॅनिकलची आहे म्हणून. तळेगावचं आमचं वर्कशॉप दोघांनी बघायचं, असं दादांच्या मनात आहे. दोनच वर्षं काढ ना... मग घरी बसून वाच हवी तेवढी झाडं!"

"तूच म्हणाला होतास, सोड म्हणून."

त्याने पायाने एक खडा बाजूला सारला. मग हळूच म्हणाला, "तेव्हा मी प्रेमात नव्हतो गं."

आयुष्यात पहिल्यांदा तो हे बोलला... आणि असं बोलला!

"दादांना समजावशील?"

"ते नाही ऐकणार."

"विचारून तरी बघशील?"

तो घड्याळ बघू लागला. मला एकदम ती कानस आठवली.

"तू तुझा तुकडा एकदाही घासला नाहीस, जयदीप."

"माझा बरोबर होता," तो म्हणाला. यावेळी तो चिडवत नव्हता.

मी बॉटनी घेतली. जीव रमतो. रात्री उशी ओली होते, तेही खरं.

परवा बाईंनी वर्गाला त्याच डोंगरावर नेलं. पिवळ्या फुलांशी थांबून त्यांनी विचारलं, "हे कोण ओळखतं?"

मी हात वर केला नाही.