कोल्ड स्टोरेजमधलं नाव

भुताखेतांच्या गोष्टी रचून वाहवा मिळवायची मला हौस नाही. ही माझ्या मावसबहिणीची, नेत्राची गोष्ट आहे. खोटं बोलताना तिच्या नाकपुड्या फुगतात, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

हे सांगताना त्या फुगल्या नव्हत्या.

मागचा मे महिना. रविवारची भर दुपार. अंधेरी पूर्वेच्या एका गल्लीतलं मासळीचं कोल्ड स्टोरेज.

नेत्रा वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. आई सगुणा बाजारात मासळी विकते, लेक सॉफ्टवेअर लिहिते. या स्टोरेजच्या दाराचं सॉफ्टवेअर तिचंच. आधी तिथे एक हमाल आत असताना दार बाहेरून लागलं होतं. नशीब बलवत्तर म्हणून वाचला बिचारा.

म्हणून नेत्राने नवी पद्धत बसवली. आत जाताना कार्ड लावलं की त्या माणसाचं एक ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रॅममधली त्याच्या नावाची नोंद, तयार व्हायचं आणि दार त्याला धरून ठेवायचं. माणूस बाहेर आला की दार त्याला सोडून द्यायचं. ज्याला कुणीच धरलेलं नाही, ते ऑब्जेक्ट आपोआप पुसलं जायचं.

आत कोण आहे ते दाखवणाऱ्या बाहेरच्या पडद्याकडे मात्र फक्त वीक रेफरन्स. पोराचं बोट धरणं वेगळं आणि त्याच्यावर लांबून नजर ठेवणं वेगळं, तसं. पडदा नुसता बघायचा, धरायचा नाही. माणूस गेला की त्याचं नाव गेलं. आणि पडदा रिकामा झाल्याशिवाय दार लागणार नाही.

काम झकास चाललं होतं.

त्या दुपारी दारावरच्या माणिकचा फोन आला.

"मॅडम, लवकर या. सकाळपासून दार लागत नाहीये. पडद्यावर एक नाव अडकलंय."

"कुणाचं?"



"गुणाजीचं."

गुणाजी तिथला जुना हमाल. महिन्यापूर्वी तापाने घरीच वारला होता. त्याच्या तेराव्याला नेत्रा स्वतः जेवून आली होती.

ती ताडकन उठली. भुताच्या भीतीने नव्हे. मासेमारीची बंदी तोंडावर आली होती, आणि पावसाळाभर विकायला आईने जमवलेला सगळा माल आत होता. तो नासला तर घरातली चूल कशावर पेटणार?

ती रिक्षा करून धावत आली.

दारातून लालसर, बुळबुळीत पाणी वाहत होतं. पुढची खोकी केव्हाच वितळली होती. पापलेटांचे डोळे पांढुरके पडून बाहेर आले होते. बोंबलांचा तर नुसता लगदा. त्यावर माश्या घोंघावत होत्या.

नेत्रा कोळ्याची पोर. माशाच्या वासाला नाक मुरडणाऱ्यांची ती लहानपणापासून टर उडवायची. पण आज तिनेच नाक दाबलं.

कारण त्या वासात आणखी एक वास होता...

गोडसर. जखमेवर दिवसेंदिवस तशीच राहिलेल्या ओल्या पट्टीचा.

"आत कोणी नाही ना?"

"कोपरान् कोपरा बघितला मॅडम. कोण नाय."

तिने उलट्या क्रेटवर लॅपटॉप उघडला. गुणाजीला कोण धरून आहे, ते तपासलं.

दार? नाही.

दुसरं कुणी? नाही.

कुणीच धरलेलं नव्हतं. तरीही तो होता.

तेवढ्यात आतून आवाज आला. ओल्या लादीवरून चप्पल ओढल्याचा.

फस्स... फस्स...

"गुणाजी असाच चालायचा," माणिक पुटपुटला. "डावा पाय ओढत."

आता इथे नेत्राने तेच केलं जे तिच्या धंद्यातला कुणीही करतो. वीक रेफरन्सपलीकडे काय आहे हे नीट बघायचं, तर त्याला आधी क्षणभर धरावं लागतं. नाहीतर बघता बघता ते हातचं निसटतं. धरायचं, बघायचं, लगेच सोडायचं.

तिने धरलं. प्रोग्रॅम मध्येच थांबवला.

आणि वासाचा असा भपकारा आला, की न सोडताच, सगळं तसंच टाकून ती गटाराकडे पळाली. भडाभडा ओकली.

ओकता ओकता तिच्या उजव्या हातात काहीतरी शिरलं...

थंड. बुळबुळीत. बोटांत बोटं अडकवावीत, तसं.

तिने किंचाळून हात झटकला. शेजारी कोणी नव्हतं. तळव्याला मात्र कातडीचा एक पातळ, पांढरा पापुद्रा चिकटला होता. खवला नव्हता तो. खवला तिने जन्मभर पाहिलाय.

ती धडपडत परत आली, धरलेलं सोडलं.

पडदा रिकामा झाला. दार लागलं. माणिकने हात जोडले. आईचा माल मागच्या बाजूला होता, तो वाचला.

पण घरी सगुणामावशीने लेकीचा हात नाकाशी नेला आणि झटकन सोडला.

"पोरी, यो वास मासलीचा नाय."

लिंबू झालं, बेसन झालं, कपड्यांचा साबण झाला. वास जाईना. नेत्रा त्या हाताने जेवेनाशी झाली. स्वतःच्याच हाताची इतकी किळस येणं, ही काय जिंदगी आहे?

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा तपासणीला गेली. कार्ड लावून आत गेली, बाहेर आली.

पडद्यावर तिचं नाव तसंच राहिलं...

तिने तपासलं. नेत्राला कोण धरून आहे?

दार नाही. पडदा नाही.

गुणाजी.

एका माणसाने दुसऱ्याला धरावं, अशी सोयच तिने प्रोग्रॅममध्ये ठेवली नव्हती. तिने सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. उत्तर तेच. शेवटी मालकाने ते सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि साधं लोखंडी कुलूप आणलं. नेत्रा तिकडे पुन्हा फिरकली नाही.

आता माणिक रोज संध्याकाळी कुलूप लावण्याआधी तिला फोन करतो.

"मॅडम, तुम्ही बाहेरच आहात ना?"

"हो रे. लाव कुलूप."

ती हसण्यावारी न्यायची. मलाही हसत सांगायची.

परवा तिने त्याला झापलं, "रोज रोज काय विचारतोस रे तेच तेच?"



"कुलूप लावण्याआधी मी आत तुमच्या नावाने हाक मारतो, मॅडम," तो म्हणाला. "आणि रोज तुमच्याच आवाजात ओ येते."