होयबा पाणी पितो तेव्हा

आष्टीच्या माळावर नंदीवाल्यांची वस्ती आहे. विज्ञान प्रबोधिनीची गाडी तिथे आली, तेव्हा तिचं स्वागत म्हणून सगळ्यांत आधी मान डोलावली ती होयबानं. होयबा हा सायबू फुलमाळीचा नंदीबैल. त्यानं आजवर कैक लग्नांना, दोन आमदारांना आणि एका पावसाला होकार दिला होता. त्यांतला फक्त पाऊस आला नव्हता.

प्रबोधिनीच्या भोसेकर मॅडमनी लिंबाखाली टेबल मांडून त्यावर अपूर्वमापक ठेवला. दिसायला पोळ्यांचा डबा, वर पितळी घंटी. उत्तरं सगळी यंत्रांना येऊ लागली, तशा परीक्षा निकालात निघाल्या. आता प्रबोधिनीत प्रवेश मिळायचा तो प्रश्नावर. आजवर कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला, की डब्याची घंटी वाजायची. शहरात असे प्रश्न शिकवणारे क्लास निघाले होते. शिकवला की प्रश्न जुना व्हायचा, तरी क्लास जोरात होते.

सायबूच्या बिजलीचं वयाच्या अटीत बसणारं हे शेवटचं वर्ष. घंटी वाजली तर प्रबोधिनी. नाहीतर दिवाळीनंतर बापामागे बैल घेऊन गावोगाव. प्रश्न तीनच विचारायचे.

"आभाळाला कड आहे का?" तिनं विचारलं.

"विचारलेला आहे," डबा म्हणाला. "लिहिण्याचा शोध लागायच्या आधीच, बहुतेक."

"झोपेत आपण कुठं जातो?"

"विचारलेला आहे. काल, साताऱ्यातून."

सायबूनं खांद्यावरची गुबगुबी पुढे ओढली. समोरच्यानं होय म्हणावं असं वाटलं की काय करायचं, हे त्याच्या घराण्यात ठरलेलं होतं. ढोलकं घुमू लागलं.

"काका, हे काय चाललंय?" मॅडम म्हणाल्या.

"होकार शिकवतोय त्याला. बैलाला तरी आधी कुठं येत होता?"

"बा, बस कर की. डबा आहे तो."

"आधी समदे डबेच असतात."

बिजलीनं लाजून तोंड फिरवलं. समोर पाण्याची बादली होती. ढोलक्याच्या घुमण्यानं पाण्यावर बारीक तरंग थरथरत होते. होयबानं तोंड लावलं आणि तरंग थांबले. ढोलकं चालूच होतं. त्यानं तोंड काढलं, तरंग परत उठले. मग शेळी आली, प्यायली. तरंग मुळीच थांबले नाहीत.

"आमचा बैल प्यायला की तरंग थांबतात," ती सावकाश म्हणाली, "अन् शेळी प्यायली तर का नाही थांबत?"

"लाळेच्या पातळ थरानं तरंग शांत होतात, हे माहीत आहे," डबा म्हणाला. "पण मग शेळीच्याही..." तो अडखळला. असं कधी झालं नव्हतं. "माहीत नाही."

आणि घंटी वाजली.

आवाज कोकराच्या गळ्यातल्या घुंगराएवढाच. पण बिजलीनं पुन्हा बादलीत डोकावून पाहिलं. ही बादली रोज तीच भरायची. जगातलं सगळं ज्ञान चालत चालत तिच्या बादलीपाशी येऊन थांबलं होतं. पुढे वाट नव्हती, आणि तिथे ती उभी होती, अनवाणी.

"दिवाळीनंतर ये," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "बादली घेऊन ये."

"बघा, शिकला का नाही?" सायबू म्हणाला. तो अजून वाजवतच होता.

"मी एक विचारू?" डबा म्हणाला.

मॅडम खाली बसल्या. डबा कधीच काही विचारत नसे.

"पाणी पिताना तो डोळे मिटतो का?"

कुणालाच सांगता येईना. पिढ्यानपिढ्या सगळ्यांनी बैलाला विचारलं होतं. पिताना त्याच्याकडे पाहिलं नव्हतं कुणी. सगळी वस्ती बादलीभोवती वाकली. बिजलीनं बादली पुढे सारली.

"पी रे, होयबा."

होयबानं जमलेल्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं. मग, गुबगुबी घुमत असतानाच, जन्मात पहिल्यांदा त्यानं मान आडवी हलवली.

सायबूचा हात थांबला. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी डब्याची घंटी पुन्हा वाजली.

मॅडमनी डब्याकडे पाहिलं. बिजली मात्र बैलाकडे बघत होती.

"आत्ता कुणी विचारलं?" ती म्हणाली.