कच्चा आवाज

"अक्का, तुज्या आवाजातली गाणी कुटं हायत? सगळा कॉम्प्युटर धुंडाळला... एक बी न्हाय!"

मनालीचा रडवेला सूर ऐकून साडीची घडी घालणारे धम्मप्रियाचे हात थबकले. दुपारी इस्पितळात भरती व्हायचं होतं. उद्या कर्करोगानं पोखरलेलं तिचं स्वरयंत्र डॉक्टर काढून टाकणार होते. त्याआधी अक्काचा आवाज जपून ठेवायचा, म्हणून ही धाकटी पुण्याहून धावत आली होती. एरवी घरी यायला सवड कुठली!

सिंथेसायझरच्या झगमगत्या सुरांवर गाणारी मनाली आज घराघरांत पोचली होती. पण त्या गाण्यांचे शब्द आणि चाली गावाकडच्या याच खोलीत जन्मल्या होत्या. अंथरुणाला खिळलेल्या आईला सोडून थोरलीला कुठं जाता येईना... मग तिनं कॉम्प्युटरवर सूर जुळवायचे, आपल्या आवाजात कच्चं गाणं भरून ठेवायचं, आणि मनालीनं येऊन, ते ऐकून, पुण्याला जाऊन पक्कं गायचं. दोन घास खायलाही ती थांबायची नाही. राबणारी एक आणि मिरवणारी दुसरी, जगाची रीतच आहे ती!

"मीच पुसली," धम्मप्रिया कुजबुजली. तेवढ्यानंही घशात आग उठली.

"का गं अक्का?"

"तुजा संगीतकार आल्ता की एकदा हितं. माजं ऐकून म्हनला, मनाली नको, हाच आवाज घेतो... मी न्हाय म्हनले. पर आनी कुनी ऐकलं असतं तर तुजं कसं झालं असतं, मने?"

मनालीनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला. "तुजं सगळं आयुष्य मी खाल्लं गं अक्का!"

धम्मप्रियाचं अंतःकरण गहिवरलं. किती वर्षं या एका कबुलीसाठी तिचा जीव तहानलेला होता! तिनं बहिणीला उठवून पोटाशी धरलं. राग केव्हाच विरला होता... पण आता काय उपयोग!

"पोरीनू, रडू नगासा," खाटेवरून त्यांची आई नागूबाई म्हणाली. "प्रिये, जायच्या आदी एकदा गा की. लई गोड गळा हाय तुजा."

मनालीनं आवाज भरून घ्यायला मोबाईल पुढं धरला. धम्मप्रियानं डोळे मिटले, सगळा प्राण कंठाशी आणला आणि ओठ उघडले...

"सुरू कर की गं," कानोसा घेत आई म्हणाली.

धम्मप्रिया केव्हाची गात होती.